केलं एकानं, नाव झालं दुसऱ्याचं

कोरीपाटी (धागाकर्ती)

व्हॅनिलाचं फूल उमलतं ते एकाच दिवसापुरतं. सकाळी उघडतं, दुपार कलली की मान टाकतं. तेवढ्या वेळात पराग योग्य जागी पोचला तर शेंग धरते, नाही तर फूल गळून जातं. ही वेल मूळची मेक्सिकोची. युरोपीय लोकांनी ती समुद्रापार नेली, ती जोमानं वाढली, फुललीसुद्धा; शेंगा मात्र धरेनात. १८३६ मध्ये बेल्जियमच्या शार्ल मॉरेन या वनस्पतिशास्त्रज्ञानं हातानं परागीभवन करून दाखवलं होतं, पण त्याची पद्धत मळ्यात रोजच्या रोज वापरता येण्यासारखी नव्हती.

तशी पद्धत सापडली १८४१ मध्ये, हिंदी महासागरातल्या रियुनियन बेटावर, एदमों नावाच्या १२ वर्षांच्या गुलाम मुलाला. आई त्याच्या जन्माच्या वेळीच गेलेली. शाळेचं तोंड पाहिलेलं नाही. मालक फेरेओल बेलिये-बोमों यांना झाडापेडांचं वेड. त्यांच्या मागून फिरता फिरता पोरगं झाडं शिकलं. कलिंगडाच्या मादीफुलावर नरफुलाचे पराग कसे लावायचे हे मालकांनीच त्याला दाखवलं होतं. एक दिवस मालकांना व्हॅनिलाच्या जुन्या वेलीवर दोन शेंगा लटकताना दिसल्या. वीसेक वर्षांत त्या वेलीनं एक शेंग दिली नव्हती. एदमों म्हणाला, मी केलं. मालकांना खरं वाटेना. काही दिवसांनी आणखी शेंगा दिसल्या तेव्हा ते म्हणाले, करून दाखव.

त्यानं दाखवलं. फुलाची ओठासारखी पाकळी बाजूला सारली. पुंकेसर आणि स्त्रीकेसर यांच्यामध्ये एक इवलासा पडदा असतो, तो बारीक काडीनं वर उचलला आणि अंगठ्यानं पराग पलीकडे दाबून चिकटवला. संपलं काम. आजही व्हॅनिलाच्या मळ्यांत एकेक फूल माणसाच्या हातानं, याच पद्धतीनं फळवलं जातं.

पुढे ज्याँ-मिशेल-क्लोद रिशार हे नावाजलेले फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञ म्हणू लागले की ही पद्धत आपली. १८३८ मध्ये आपण बेटावर आलो होतो, तेव्हा तिथल्या बागायतदारांना ती शिकवली, त्यातूनच या मुलानं उचलली असणार. ऐकणाऱ्याला हे सहज पटत होतं. एकीकडे पदव्या आणि मानमरातब असलेला विद्वान, दुसरीकडे निरक्षर गुलाम पोर.

तेव्हा बेलिये-बोमों यांनी बेटाचा इतिहास लिहिणाऱ्या गृहस्थांना पत्र धाडलं. रिशार आपले जुने स्नेही आहेत, त्यांना दुखवायची इच्छा नाही. पण वयामुळे म्हणा, विसरामुळे म्हणा, त्यांना तसं वाटत असावं, शोध एदमोंचाच आहे, असं त्यांनी स्वच्छ लिहून दिलं. ते पत्र होतं म्हणून आज आपण एदमों आल्बियुस हे नाव घेतो.

अशा गोष्टी वाचताना आपण चोर शोधत बसतो. चोर कधी कधी असतोही. पण त्याच्या आधी काहीतरी घडून गेलेलं असतं, ते म्हणजे "याला कसं जमेल?" हा सवाल. तो एकदा मनात आला की श्रेय आपसूक शेजारच्या, शोभून दिसणाऱ्या माणसाकडे सरकतं. आणि जेव्हा परत येतं तेव्हा बहुधा कुणीतरी तिसरा, ज्याच्या शब्दाला वजन आहे असा, लिहून ठेवतो म्हणून येतं. मला या तिसऱ्या माणसांबद्दल बोलायचं आहे. तुम्हाला माहीत असलेली उदाहरणं द्या. नुसतं "अमक्यावर अन्याय झाला" एवढं नको. साक्ष कुणी दिली, की दिलीच नाही, हेही लिहा.

सांजसूर

ताई, सुरेख लिहिलंत. वाचनखूण साठवली. त्या मुलाचं पुढे काय झालं? पत्राचा त्याला स्वतःला काही उपयोग झाला का?

कोरीपाटी

@सांजसूर, मुद्दाम नव्हतं लिहिलं, कारण ते वाचवत नाही. पद्धत कळल्यावर मालकांनी त्याला मळ्यामळ्यांतून शिकवायला पाठवलं. १८४८ मध्ये गुलामगिरी गेली, तो मोकळा झाला, आल्बियुस हे आडनाव मिळालं. शतक संपेपर्यंत त्या बेटानं व्हॅनिलाच्या उत्पादनात मेक्सिकोला मागे टाकलं. त्यातला वाटा त्याच्या पदरात काही पडला नाही. चोरीच्या एका प्रकरणात पाच वर्षांची शिक्षा झाली. बेलिये-बोमों यांनी त्याच्यासाठी रदबदली केली आणि तो मुदतीआधी सुटला. १८८० मध्ये सार्वजनिक रुग्णालयात, पूर्ण हलाखीत गेला. म्हणजे साक्षीनं नाव वाचलं, माणूस वाचला नाही. या दोन गोष्टी वेगळ्या ठेवायला हव्यात असं मला वाटतं.

निशिगंधा

मी ऑपरेशन थिएटरमध्ये परिचारिका आहे, त्यामुळे माझं उदाहरण तिथलंच. व्हिव्हियन थॉमस. अमेरिकेतले कृष्णवर्णीय. सुतारकाम करायचे, डॉक्टर व्हायचं होतं, शिक्षणासाठी साठवलेले पैसे महामंदीत बँकेबरोबर बुडाले. १९३० मध्ये व्हँडरबिल्ट विद्यापीठात डॉ. आल्फ्रेड ब्लेलॉक यांच्या प्रयोगशाळेत मदतनीस म्हणून लागले. हुद्दा आणि पगार सफाई कामगाराचा, काम संशोधकाचं. १९४१ मध्ये ब्लेलॉक जॉन्स हॉपकिन्सला गेले ते थॉमसना बरोबर घेऊनच.

तिथे डॉ. हेलन टॉसिग यांच्याकडे निळी पडणारी बाळं येत. हृदयातल्या जन्मजात दोषामुळे त्यांच्या फुप्फुसांकडे रक्त कमी जायचं. फुप्फुसाकडे जादा रक्त नेणारी वाट करून देता येईल का, असा प्रश्न टॉसिग यांनी मांडला. तो दोष कुत्र्यांमध्ये निर्माण करायचा आणि मग तो भरून काढणारी जोडणी करायची, हे थॉमसनी दोनशेच्या आसपास कुत्र्यांवर करून पाहिलं. एवढ्या बारीक रक्तवाहिन्यांसाठी सुया नव्हत्या, त्या त्यांनी स्वतः तोडून, घासून लहान केल्या.

२९ नोव्हेंबर १९४४ ला पहिलं बाळ टेबलावर आलं. वजन साडेचार किलोसुद्धा नसेल. शस्त्रक्रिया ब्लेलॉक यांनी केली. पण ही जोडणी त्यांनी आधी स्वतः कधी पूर्ण केलेली नव्हती, थॉमसच्या हाताखाली एकदा मदत केली होती तेवढीच. म्हणून त्यांनी थॉमसना आत बोलावून घेतलं. थॉमस त्यांच्या उजव्या खांद्यामागे एका स्टुलावर उभे राहिले आणि टाका कुठे, कुठल्या दिशेनं घ्यायचा ते सांगत राहिले. ज्यांनी थिएटर पाहिलंय त्यांना कळेल हे किती विलक्षण आहे. सर्जनच्या खांद्यावरून कुणी बोलत नाही. तिथे एक सर्जन मागे मान वळवून विचारतोय, आणि माणसावर सुरी चालवायची ज्याला परवानगी नाही तो उत्तर देतोय.

१९४५ मध्ये शोधनिबंध आला. ब्लेलॉक आणि टॉसिग. थॉमस यांचं नाव आभारातही नाही. वरकड कमाईसाठी ते मेजवान्यांत पेयं वाढायचं काम करायचे, कधी कधी ब्लेलॉक यांच्याच घरच्या.

आता ताईंच्या प्रश्नाचं उत्तर. साक्ष दिली ती थॉमस यांच्या हाताखाली शिकून गेलेल्या सर्जन लोकांनी. त्यांनी वर्गणी काढून थॉमसचं तैलचित्र करवून घेतलं आणि १९७१ मध्ये हॉपकिन्सला दिलं. १९७६ मध्ये विद्यापीठानं मानद डॉक्टरेट दिली. म्हणजे जिवंतपणी झालं, एवढं तरी.

मधलाबाक

दोन्ही कथा हलवून सोडणाऱ्या आहेत. तरी किंचित असहमत. बाळं वाचली, शेंगा धरल्या. श्रेय कुणाला गेलं याचा हिशेब आपण वाचणारे मांडतो. ज्याला काम करायचं असतं तो फळाकडे बघत नाही, असं आपल्याकडे शतकानुशतकं सांगितलं गेलंय आणि मला ते पटतं.

दुसरं, कधी कधी श्रेय "दुसऱ्याला" जातं ते योग्यच असतं. बेंजामिन जेस्टी घ्या. इंग्लंडमधला डॉर्सेटचा शेतकरी. १७७४ मध्ये देवीची साथ आली तेव्हा यानं गाईच्या आचळावरच्या फोडातला द्रव मोजे विणायच्या सुईनं आपल्या बायकोच्या आणि दोन लहान मुलांच्या हातात टोचला. गोस्तनदेवीची (गाईंना होणाऱ्या, माणसाला सौम्य जाणाऱ्या देवीची) लस! एडवर्ड जेनरच्या आधी २२ वर्षं. गावकऱ्यांनी त्याला हुसकून लावायचं तेवढं बाकी ठेवलं. शिव्या दिल्या, अंगावर वस्तू फेकल्या. धाडस त्याचंच. पण त्यानं पुढे काय केलं? काही नाही. जेनरनं १७९६ मध्ये एका मुलाला लस टोचली, नंतर त्याला मुद्दाम देवीचा द्रव टोचून तो आजारी पडत नाही हे तपासलं, १७९८ मध्ये छापलं, आणि पत्रं लिहून लिहून ती पद्धत जगभर पोचवली. लाखो जीव वाचले ते त्या छापण्यामुळे. मग जेनरचं नाव घेतलं तर चुकलं कुठे?

गणितवेडा

@मधलाबाक, जेस्टीच्या बाबतीत सहमत, आणि त्यात एक पुरवणी. जेस्टीला साक्षीदार मिळाला होता. अँड्र्यू बेल नावाच्या पाद्रीबाबांनी त्याच्यासाठी पत्रापत्री केली. १८०५ मध्ये त्याला लंडनला बोलावलं, त्याचं चित्र काढून घेतलं, सोन्यानं मढवलेल्या टोचणीच्या सुऱ्या भेट दिल्या. पण बोलावणारी संस्था डॉ. जॉर्ज पिअर्सन यांची होती, आणि पिअर्सन यांचं जेनरशी हाडवैर होतं. संसदेनं जेनरला आधी १०,००० पौंड दिले होते (नंतर १८०७ मध्ये आणखी २०,००० दिले). जेस्टीला पुढे केलं की जेनर लहान होतो, हा हिशेब त्यात होता. साक्षीदार नेहमी निःस्वार्थ असतो असं धाग्यात गृहीत धरलंय, ते तपासायला हवं.

कोरीपाटी

@गणितवेडा, मान्य, गृहीत धरू नये. तरी जेस्टीनं केलं ते केलं होतंच ना? पिअर्सन यांच्या मनात काय होतं त्यानं १७७४ बदलत नाही. उलट मला वाटतं की स्वार्थापोटी का होईना, कुणी विचारलं म्हणून त्या शेतकऱ्याचं म्हणणं नोंदलं गेलं.

@मधलाबाक, फळाची आशा न धरणं हे करणाऱ्यानं स्वतःला सांगायचं असतं. दुसऱ्याचं फळ आपण उचलून घेतल्यावर त्याला ते ऐकवायचं नसतं. आणि श्रेय म्हणजे नुसता मान नव्हे. थॉमस यांचं नाव निबंधावर असतं तर हुद्दा बदलला असता, पगार बदलला असता, मेजवानीत ट्रे घेऊन फिरावं लागलं नसतं. श्रेय जातं तेव्हा पुढचं काम करायची संधीही त्याच्याबरोबर जाते.

सांजसूर

शेवटचा परिच्छेद +१.

तळटीप

साक्षीदारांचा विषय आहे तर डॉ. टी. सी. आनंदकुमार यांचं नाव सर्वांत वर यायला हवं. मला तरी यांच्या तोडीचं उदाहरण माहीत नाही.

३ ऑक्टोबर १९७८ ला कोलकात्यात डॉ. सुभाष मुखोपाध्याय यांच्या प्रयत्नांतून एक टेस्ट ट्यूब बेबी जन्मली. जगातलं पहिलं असं बाळ, लुईस ब्राउन, त्याआधी दहा आठवडे इंग्लंडमध्ये जन्मलेलं. म्हणजे आपलं दुसरं. साधनं तुटपुंजी, आणि तरी त्यांनी भ्रूण गोठवून ठेवून नंतर वापरला होता, जे इंग्लंडमधल्या चमूनं त्या वेळी केलेलं नव्हतं. राज्य सरकारनं चौकशी समिती नेमली. समितीनं दावा उडवून लावला. परदेशी परिषदेला जाऊन काम मांडायची परवानगी नाकारली गेली. शेवटी त्यांची बदली नेत्रविज्ञानाच्या संस्थेत केली. संप्रेरकांवर आयुष्य घातलेला माणूस डोळ्यांच्या विभागात! १९८१ मध्ये त्यांनी जीवन संपवलं.

१९८६ मध्ये मुंबईत डॉ. इंदिरा हिंदुजा आणि डॉ. आनंदकुमार यांच्या चमूच्या कामातून बाळ जन्मलं आणि भारतातली पहिली टेस्ट ट्यूब बेबी म्हणून त्याची नोंद झाली. तेही काम अस्सल होतं, रीतसर नोंदलेलं होतं, यात शंका नाही.

१९९७ मध्ये आनंदकुमार कोलकात्याला गेले असताना मुखोपाध्यायांचे हस्तलिखित कागद त्यांच्या हाती आले. त्यांनी ते शास्त्रज्ञाच्या नजरेनं वाचले, मुलीच्या आईवडिलांशी बोलले, आणि जाहीर केलं की पहिलं काम मुखोपाध्यायांचं. तो मान आपला नाही. "करंट सायन्स" या नियतकालिकात लेख लिहून ते मांडलं. हे करायला त्यांना कुणी भाग पाडलेलं नव्हतं. गप्प राहिले असते तर पुस्तकांत त्यांच्याच चमूचं नाव राहिलं असतं. ज्याच्याकडे श्रेय गेलेलं होतं तोच ते परत करायला निघाला.

मला त्यांच्याबद्दल फार आदर वाटतो. अशा माणसांचे पुतळे कुणी उभारत नाही.

निशिगंधा

@तळटीप, अंगावर काटा आला. याच विषयातलं इंग्लंडकडचं एक सांगते. लुईस ब्राउनच्या मागे रॉबर्ट एडवर्ड्स आणि पॅट्रिक स्टेप्टो ही दोन नावं सगळ्यांना माहीत असतात. तिसरं नाव जीन पर्डी. शिक्षणानं परिचारिका. १९६८ मध्ये एडवर्ड्स यांच्याकडे लागली आणि प्रयोगशाळा अक्षरशः तिनं चालवली. जे भ्रूण पुढे लुईस झालं, त्याच्या पेशी विभागताना सूक्ष्मदर्शकातून पहिल्यांदा तिनं पाहिल्या. १९८५ मध्ये कर्करोगानं गेली, वय ३९.

ओल्डहॅमच्या रुग्णालयात स्मृतिफलक लावायचा ठरला तेव्हा एडवर्ड्स यांनी आरोग्य खात्याला पत्रं लिहिली की तिचं नाव हवंच, तिचा वाटा माझ्याइतकाच आहे. फलक लागला तो तिच्या नावाशिवाय. ही पत्रं २०१९ मध्ये लोकांसमोर आली. त्याआधी २०१५ मध्ये नवा फलक लावला गेला, त्यावर ती आहे.

म्हणजे ताई, इथे साक्षीदार होता, त्याच्या शब्दाला वजन होतं, कागदावर लिहूनही दिलं होतं. तरी फलक करणाऱ्यांनी ऐकलं नाही. परिचारिकेचं नाव दोन डॉक्टरी नावांच्या शेजारी कसं लिहायचं, एवढंच कारण मला तरी दिसतं.

कोरीपाटी

@निशिगंधा, हे मला माहीत नव्हतं, आणि यानं माझ्या मांडणीला खरंच धक्का बसतो. साक्ष पुरेशी नसते. ती पोचवून घेणाराही लागतो. एडवर्ड्स यांचं पत्र चाळीसएक वर्षं कपाटात पडून होतं.

उन्हाळवाट

उलट बाजू मांडतो. ज्याचं श्रेय गेलं तो स्वतः ओरडला तर काय होतं? आल्बर्ट शात्झ. १९४३, रटगर्स विद्यापीठ, वय २३, तळघरातली प्रयोगशाळा. क्षयरोगाच्या जंतूंबरोबर वरच्या मजल्यावर कुणाला काम नको होतं म्हणून हा खाली. तिथे त्यानं स्ट्रेप्टोमायसिन शोधलं. क्षयावर चालणारं पहिलं प्रतिजैविक. त्याआधी क्षय म्हणजे आरामगृहात पडून राहायचं आणि वाट बघायची.

मार्गदर्शक सेल्मन वॅक्समन यांचं नाव झालं. स्वामित्वधनाचे पैसेही त्यांच्याकडे जात आहेत हे कळल्यावर शात्झनं १९५० मध्ये खटला भरला. तडजोड झाली, सहसंशोधक म्हणून कायदेशीर मान्यता मिळाली, पैशातला वाटा मिळाला. कागदावर जिंकला. पण गुरूला कोर्टात खेचणारा शिष्य हा शिक्का बसला. चांगल्या प्रयोगशाळांची दारं बंद झाली. १९५२ चं नोबेल एकट्या वॅक्समन यांना. रटगर्सनं शात्झला पदक दिलं ते १९९४ मध्ये.

ताईंनी म्हटलंय की श्रेय बहुधा तिसऱ्यानं लिहून ठेवलं म्हणून परत येतं. मी म्हणेन, ओरडूनही येतं, पण ओरडणाऱ्याला त्याचा दंड भरावा लागतो. म्हणून तर तिसरा माणूस हवा. त्यानं तेच वाक्य म्हटलं तर त्याला न्यायी म्हणतात, ज्याचं आहे त्यानं म्हटलं तर हावरा.

अजून एक. त्या शोधाच्या पहिल्या निबंधावर दुसरं नाव एलिझाबेथ ब्यूगी यांचं आहे. पेटंटवर नाही. तुझं पुढे लग्न होईल, संसार होईल, पेटंटवर नाव नसलं तर काय बिघडतं, असं तिला सांगण्यात आलं, हे तिनंच नंतर सांगितलं होतं. शात्झची बाजू घेऊन आपण भांडतो तेव्हा त्याच्या मागे उभी असलेली ती पुन्हा मागेच राहते.

तळटीप

@उन्हाळवाट, अगदी. जेस्टीला तरी हे सुचलं कसं? त्याच्या घरी कामाला असलेल्या दोन गवळणींना पूर्वी गोस्तनदेवी येऊन गेल्या होत्या आणि घरातल्या देवीच्या रोग्यांची शुश्रूषा करूनही त्यांना काही झालं नव्हतं. त्यानं ते पाहिलं. निरीक्षण त्याचं, पण जिवावरचा अनुभव त्या दोघींचा. दुधाचं काम करणाऱ्या बायकांना हे पिढ्यान् पिढ्या ठाऊक असणार.

गणितवेडा

आता मी एक नावडतं काम करतो. श्रेय परत द्यायच्या भरात आपण कधी कधी जास्तीचं देतो. राधानाथ सिकदार. शाळेच्या पुस्तकापासून ऐकलेली गोष्ट अशी: १८५२ मध्ये हा बंगाली गणिती साहेबाच्या खोलीत धावत जाऊन म्हणाला, सर, जगातलं सर्वांत उंच शिखर सापडलं. आणि नाव दिलं गेलं एव्हरेस्टचं.

सिकदार थोर होते. १८३१ मध्ये त्रिकोणमितीय सर्वेक्षणात संगणक म्हणून लागले (तेव्हा आकडेमोड करणाऱ्या माणसाला हाच हुद्दा होता), महिना ३० रुपयांवर. पुढे मुख्य संगणक झाले. तेव्हाचे सर्वेक्षणप्रमुख जॉर्ज एव्हरेस्ट यांना त्यांच्या गणिताचं कोण कौतुक. पण धावत जाण्याचा प्रसंग बहुधा दंतकथा आहे. १८४९ पासून सिकदार कलकत्त्यात होते, आणि त्या शिखराची बरीचशी आकडेमोड डेहराडूनच्या कार्यालयात, अनेक हातांनी, काही वर्षं चालली होती. एका क्षणात एका माणसाला सापडावं असं ते काम नव्हतंच. नावासाठी आग्रह धरला तो एव्हरेस्ट यांच्यानंतरचे सर्वेक्षणप्रमुख अँड्र्यू वॉ यांनी. एव्हरेस्ट यांनी स्वतः त्या नावाला हरकत घेतली होती.

याउलट सिकदारांवर जो धडधडीत अन्याय झाला त्याची गोष्ट कुणी सांगत नाही. सर्वेक्षणाच्या अधिकृत मार्गदर्शिकेत तांत्रिक भाग त्यांनी लिहिले होते आणि १८५१ च्या आवृत्तीत तसा स्पष्ट उल्लेख होता. ते १८७० मध्ये वारले. १८७५ च्या आवृत्तीतून तो उल्लेख काढून टाकला, मजकूर तसाच ठेवून. तेव्हा वर्तमानपत्रातून यावर टीका झाली आणि ती करणारे इंग्रज होते. ताई, हे तुमचे साक्षीदार.

आणि १८४३ मध्ये एका इंग्रज मॅजिस्ट्रेटनं सर्वेक्षणाच्या मजुरांना आपलं खासगी सामान वाहायला जुंपलं तेव्हा सिकदार आडवे आले, सामान अडवून धरलं. त्याबद्दल त्यांना २०० रुपये दंड झाला. मला विचाराल तर सिकदारांचं मोठेपण शिखरापेक्षा या प्रसंगात जास्त दिसतं.

सांजसूर

२०० रुपये म्हणजे सुरुवातीच्या पगाराच्या हिशेबानं सहा महिन्यांहून जास्त कमाई! हे कुठल्याच पाठ्यपुस्तकात नव्हतं. धन्यवाद.

कोरीपाटी

@गणितवेडा, हा प्रतिसाद वेगळा जपून ठेवते आहे. दंतकथेनं सिकदारांचं नुकसानच केलं असं म्हणावं लागेल. शिखराचा दावा कुणी खोडला की ऐकणाऱ्याला वाटतं, बाकीचंही असंच असेल, आणि मार्गदर्शिकेतून खोडलेलं नाव पुन्हा बाजूला पडतं.

उन्हाळवाट

अवांतर, पण विषयाला धरून. श्रेय कसं आधीच मोठ्या असलेल्या माणसाकडे वाहत जातं, यावर समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट मर्टन यांचा १९६८ चा निबंध गाजलेला आहे. त्याचा कच्चा माल म्हणजे नोबेल विजेत्यांच्या मुलाखती. त्या घेतल्या होत्या हॅरिएट झुकरमन यांनी, आपल्या प्रबंधासाठी. निबंध मात्र एकट्या मर्टन यांच्या नावावर. पुढे मर्टन यांनीच छापून कबूल केलं की तो दोघांच्या नावानं यायला हवा होता. ज्याला हा रोग सर्वांत चांगला कळत होता त्याच्याही हातून हे घडलं, आणि त्यानं ते लेखी दुरुस्त केलं.

मधलाबाक

धागा वाचत होतो. फळाच्या आशेबद्दल ताईंनी जे उत्तर दिलं ते पटलं. ते वाक्य मी मागे घेतो असं नाही, पण दुसऱ्याला ऐकवणार नाही.

माझ्याकडूनही एक साक्षीदार. निकोलस विंटन. १९३९ मध्ये प्रागहून ६६९ मुलं, बहुतेक ज्यू, ब्रिटनला सुखरूप आणली गेली. १९८८ मध्ये दूरचित्रवाणीच्या कार्यक्रमात विंटन यांच्या आजूबाजूला तीच मुलं, आता प्रौढ, उभी राहिली आणि सगळ्या जगानं ते पाहिलं. पुढे सरदारकी मिळाली. १०६ वर्षं जगले. लंडनमध्ये बसून परवाने, कुटुंबं, पैसे उभे करणं हे त्यांचं काम, आणि ते प्रचंड होतं. पण ते स्वतः प्रागमध्ये होते जेमतेम तीन आठवडे. नाझी शहरात शिरल्यानंतरही तिथे राहून मुलांना गाडीत बसवत होते ते ट्रेव्हर चॅडविक, एक शाळामास्तर. त्यांच्याआधी तिथे निर्वासितांसाठी काम उभं केलं होतं डोरीन वॉरिनर यांनी. विंटन सांगत राहिले की धोका त्यांनी पत्करला, मी सुरक्षित होतो. कुणी फारसं ऐकलं नाही. लोक याला त्यांची नम्रता म्हणायचे!

हे मला फार लागतं. माणूस साक्ष देतोय आणि आपण त्या साक्षीचंही श्रेय त्यालाच देतोय. जे सांगितलं जातंय ते खरं असू शकतं, हा विचारच नाही.

सांजसूर

@मधलाबाक, बापरे. हे असं कधी लक्षातच आलं नव्हतं.

माझी एक शंका. क्लॉडेट कॉल्विन या धाग्यात बसते का? रोझा पार्क्स यांच्या गाजलेल्या नकाराच्या नऊ महिने आधी, मार्च १९५५ मध्ये, अमेरिकेतल्या त्याच माँटगोमेरी शहरात गोऱ्या प्रवाशासाठी बसमधली जागा सोडायला नकार देऊन अटक झालेली १५ वर्षांची कृष्णवर्णीय मुलगी.

कोरीपाटी

@सांजसूर, बसते, पण जरा निराळ्या बाजूनं. तिथे नेत्यांनी विचार करून ठरवलं की चळवळीचा चेहरा म्हणून ही मुलगी नको. वय लहान, घर गरिबीचं, आणि पुढे ती अविवाहित असताना गरोदर राहिली. रोझा पार्क्स स्वतः वर्षानुवर्षं चळवळीत काम करणाऱ्या होत्या, त्यांनी कुणाचं काही घेतलं नाही. पण बसमधला भेदभाव ज्या खटल्यानं कायद्यानं बंद झाला, १९५६ चा ब्राउडर विरुद्ध गेल, त्यात फिर्यादी चार स्त्रिया होत्या. कॉल्विन त्यात होती, तिनं कोर्टात साक्ष दिली. पार्क्स त्या खटल्यात नव्हत्या. एवढं तरी प्रत्येक पाठ्यपुस्तकात यायला हवं. चेहरा निवडायचा हक्क चळवळीला असेल, पण जिंकल्यानंतरही तिचं नाव मागे ठेवायला मला तरी कारण दिसत नाही.

गणितवेडा

यावर वेगळा धागा हवा. चळवळीनं चेहरा निवडणं योग्य की अयोग्य, यावर माझं मत ताईंपेक्षा बरंच वेगळं आहे. इथे लिहिलं तर मूळ विषय वाहून जाईल.

कोरीपाटी

@गणितवेडा, काढा धागा, येते तिकडे.

निशिगंधा

जाता जाता एक भर. वर ज्या शस्त्रक्रियेबद्दल लिहिलं तिला आम्ही अजून रोजच्या बोलण्यात "बीटी शंट" म्हणतो. ब्लेलॉक आणि टॉसिग. केसपेपरवर तेच, शिकवतानाही तेच. अलीकडच्या लेखांत "ब्लेलॉक-थॉमस-टॉसिग" असं पूर्ण नाव दिसायला लागलंय. मी नव्या मुलींना शिकवते तेव्हा तिन्ही नावं सांगते आणि स्टुलाची गोष्टही. कुणी वैद्यकीय अभ्यासक्रमाशी संबंधित असेल तर सांगा, नव्या पाठ्यपुस्तकांत तीन नावं आलीत का? माझ्याकडची आवृत्ती जुनी आहे, तिच्यात दोनच आहेत.